उलट्या अंगावर काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

बीड-परभणीकडच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतोय. दिवस गेल्यावर उलट्या जेवढ्या जास्त, तेवढं बाळ धडधाकट. त्यावर गोळी घेतली तर बाळाला व्यंग. पोट रिकामं ठेवा, मळमळ थांबेल. आणि फारच उलट्या झाल्या तर मुलगी समजा. एकेक मुद्दा घेऊ.

पहिल्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. मळमळ होणाऱ्या बायकांत गर्भपाताचं प्रमाण जरा कमी आढळतं. पण एकही उलटी न झालेल्या बायकांचीही बाळं ठणठणीत जन्मतात, आणि अन्नपाणी ठरेनासं झालं तर आईचं वजन उतरतं, बाळही कमी वजनाचं होऊ शकतं. गर्भाकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ-१५ हे संप्रेरक या त्रासामागचं मोठं कारण आहे, हे २०२३ च्या संशोधनात पुढे आलं. आधीपासून ज्यांच्या शरीराला त्याची सवय कमी, त्यांना त्रास जास्त. तेव्हा सुनेला ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ असं ऐकवणं आता तरी बंद व्हावं.

गोळीची भीती मात्र हवेतून आलेली नाही. १९५७ पासून जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध विकलं जात होतं, गरोदर बायकांनी ते मळमळीवर घेतलं आणि हजारो बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते तिथे बाजारातून काढलं. आज डॉक्टर लिहून देतात ते डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व, हे औषधच वेगळं. अमेरिकेत खटल्यांच्या धास्तीने कंपनीने १९८३ मध्ये हीच जोडी बंद केली. पुढच्या अभ्यासांत व्यंगाशी संबंध सापडला नाही आणि २०१३ मध्ये तिला पुन्हा मंजुरी मिळाली. मेडिकलवाल्याला विचारून काहीही घेऊ नका, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून टाकूनही देऊ नका.

पोट रिकामं ठेवणं तर अगदी उलटं. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. रात्रीच उशाशी ज्वारीच्या लाह्या, फुटाणे नाहीतर कडक भाकरीचा तुकडा ठेवावा, अंथरुणातच चावून खावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठावं. मग दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणी जेवणासोबत घटाघट न पिता मधल्या वेळात घोटघोट. आल्याचा तुकडा बऱ्याच जणींना मानवतो. लसणाच्या फोडणीने उमळतं तिला त्या दिवसांत चुलीपुढे बसवू नये; घरात दुसरे हात असतात. फॉलिक अ‍ॅसिड सोडू नये, सकाळी उलटीतून पडत असेल तर रात्री घ्यावं. लोहाच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासूनच सुरू होतात.

मुलगी-मुलग्याचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. तीव्र उलट्यांनी दाखल झालेल्या बायकांच्या पोटी मुलींचं प्रमाण किंचित जास्त दिसतं, पण त्यावरून एका बाईच्या पोटात काय आहे हे कुणालाही सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. अशा जिल्ह्यात असला मेसेज पुढे ढकलणं म्हणजे आगीत तेल ओतणं आहे.

राहिलं ‘अंगावर काढा’ हे सांगणं. ऊसतोडीला गेलेली बाई फडात मोळी बांधताना ओकते आणि पुन्हा वाकते, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. तिच्यासाठी हे नीट सांगायला हवं: दिवसभर पाण्याचा घोटही टिकला नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गर्द पिवळी झाली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटीत रक्त दिसलं, पोट दुखलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे सलाईन लागतं, आणि बरेच दिवस उलट्या असतील तर बी-१ जीवनसत्त्वही. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात तपासणी, औषधं, सलाईन मोफत आहे. आणायला गाडी हवी तर १०२ किंवा १०८ ला फोन करा. माहेरी किंवा सासरी काढलेलं गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड ऊसतोडीच्या तळावर सोबत न्या, राहिलं असेल तरी दवाखान्यात जायचं थांबू नका.