चंबळ बघायची राहिली

"एकटीच? जम्मूपर्यंत? अगं, काळ कसला आलाय!" मागच्या जानेवारीत हे निदान आठ जणींकडून ऐकलं. लेक तिकडे शिकते, ह्यांना रजा नाही, म्हणून पुणे-जम्मू झेलम एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. दोन हजार किलोमीटरच्या वर, दोन रात्री गाडीत. माझं वय ५२, आणि तोवर एकटीनं गाठलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे सोलापूर.

पोटात गोळा होताच. पण नेमका कशाचा, ते मलाही सांगता येईना. शेवटी लेकीनं फोनवर झापलं, "आई, 'काहीतरी होईल' म्हणू नकोस. काय होईल ते वहीत लिही." लिहायला बसले, तर जेमतेम चार ओळी झाल्या. बाथरूमला गेल्यावर सामान. गळ्यातलं. शेजारी कोण येईल. अनोळखी स्टेशनवर अंधारात उतरणं.

मग एकेका ओळीचा बंदोबस्त. मंगळसूत्र घरी (सासूबाईंचा चेहरा उतरला, उतरू दे). बॅगेला साखळी-कुलूप. ४५ च्या पुढच्या बायकांना शिल्लक असेल तर लोअर बर्थ देतात, तो मिळाला. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे झेलम जम्मूला सकाळी पोचते. थंडीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. सकाळची गाडी रखडली तरी उजेडात पोचते, संध्याकाळची रखडली की मध्यरात्र. बायांनो, तिकीट काढताना आधी पोचायची वेळ बघा, भाडं नंतर.

हेल्पलाइन १३९ पाठ केली. गंमत म्हणजे १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं कलमही १३९च: एकट्या बाईकडे तिकीट नसलं तरी तिला वाटेल त्या स्टेशनवर रात्री-अपरात्री उतरवता येत नाही. उतरवायचं तर ती चढली त्या स्टेशनला, जंक्शनला, शेवटच्या स्टेशनला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, तेही दिवसा.

पहिली रात्र टक्क जागी. मनमाड, भुसावळ, खंडवा, सगळी मोजली. त्रास आला तो भर दुपारी, झाशी सोडल्यावर, कडक इस्त्रीच्या शर्टात. "अकेली हैं? कहाँ उतरेंगी? लेने कौन आएगा?" बेधडक सांगितलं, मुलगा फौजेत आहे, पलीकडच्या डब्यात बसलाय. झेलममध्ये जवान इतके असतात की हे सहज खपतं. तरी प्रश्न थांबेनात, तेव्हा उठले आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात टीसीला सांगितलं. त्यानं लुधियानाच्या एका कुटुंबाशेजारी बर्थ बदलून दिला.

"लोक चांगलेच असतात, बिनधास्त जा" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. "जाऊच नकोस" म्हणणाऱ्यांवर तर त्याहून नाही. त्या आठ जणींपैकी एकीनंही गाडी कधी पोचते हे विचारलं नव्हतं.

राग एकाच गोष्टीचा आला. या सगळ्या भानगडीत मुरैनानंतरचा चंबळ नदीवरचा पूल निघून गेला. लेकीनं बजावलं होतं, बीहड (नदीकाठच्या मातीच्या घळी) बघ म्हणून.

परतीला आग्रा सुटल्यापासून खिडकीला नाक लावून बसले. धौलपूर गेलं, मातीचे उभे कडे सुरू झाले, मग खाली नदी. ह्यांचा फोन वाजत होता. पूल संपल्यावर उचलला.