चालवायला गेलो आणि चाललो

चालणं माझ्या स्वभावात नाही. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, घरच्यांनी टोमणे मारून पाहिले. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी घेतली तीसुद्धा याच हेतूने, की लोक जिथे धापा टाकत पोचतात तिथे आपण एसीत बसून पोचायचं. गाडी कंपनीतून आली तशीच होती. ना उंच सस्पेन्शन, ना रुतलेली गाडी ओढून काढणारं विंच. ‘शिकायला हीच बरी,’ असं मित्र म्हणाला. तो गेली कित्येक वर्षं या ऑफरोडिंगच्या, म्हणजे आडवाटांवर गाडी घालण्याच्या चिखलात रुतलेला आहे. एकट्या गाडीने कच्च्यात उतरायचं नाही, हा त्याचा नियम. म्हणून त्याची गाडी पुढे, माझी मागे आणि वाट दाखवायला त्याची कॉलेजात जाणारी लेक.

डांबर संपलं तिथे मित्र म्हणाला, “उतर.”

मला वाटलं, फोटो. तर त्याने हातात प्रेशर गेज ठेवला. टायरमधली हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणायची. हवा कमी झाली की टायर जमिनीवर ऐसपैस टेकतो आणि पकड वाढते. हे तत्त्व मला चटकन पटलं, मीही बसलो की असाच पसरतो. मात्र हावरेपणा करून आणखी सोडली, तर वळताना टायर रिमवरून निसटायची भीती. चार टायर, चार वेळा उकिडवं बसणं. गुडघ्यांनी तिथेच निषेध नोंदवला.

गाडी उभी ठेवून, न्यूट्रलला टाकून लिव्हर ‘फोर लो’वर ओढला. वेग बैलगाडीचा, जोर रणगाड्याचा. अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत, बाहेरच ठेवायचे, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठ्याला सोबत नेतं.

थोडं पुढे गेलो तर वाटेत दगड. रस्त्यावरच्या शहाणपणाने मी तो दोन चाकांच्या मधून काढायला निघालो.

“काका, थांबा! उतरून बघा आधी.”

उतरलो, वाकलो. मागच्या अ‍ॅक्सलला दोन चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरेन्शियलचा लोखंडी भोपळा लोंबत होता, अगदी त्या दगडाच्या उंचीवर. “मधून घेतलात तर भोपळ्यावर बसणार. टायरच चढवा दगडावर, म्हणजे गाडीच उचलली जाते.” पुन्हा चढलो.

मग लक्षात आलं की या खेळात गाडी चालवण्याचा भाग किरकोळ आहे. चढाच्या माथ्यापलीकडे काय आहे? उतरून बघा. उतार कुठे घसरडा आहे? उतरून बघा. (उताराला मात्र ब्रेकवर उभं राहायचं नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. बसून करण्यासारखं एवढंच काय ते.) मग ओढा आला. इंजिनात पाणी शिरलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून आधी काठी घेऊन चालत जायचं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, शेवाळावर नाचत मी अखेर पलीकडे पोचलो आणि विजयी मुद्रेने वळून बघितलं. मी पार झालो होतो, गाडी अलीकडेच होती.

खरा तमाशा पुढच्या नाळीत, म्हणजे अरुंद घळीत झाला. तिरपी नाळ, त्यात मी तिरपा.

“डावीकडे घ्या काका! डावीकडे!” ती माझ्याकडे तोंड करून उभी.

“कुणाच्या डावीकडे?”

“तुमच्याच, गाडी तुम्हीच चालवताय!”

हा वाद मिटेस्तोवर पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक हवेत लटकलं होतं. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. हवेतली दोन्ही चाकं उत्साहाने गरगरली आणि जमिनीवरची दोन्ही ढिम्म. लॉक नसलेल्या डिफरेन्शियलचा न्याय असा, की बिनकामाच्या चाकाला जेवढा जोर लागतो तेवढाच कामाच्या चाकालाही मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. पैसे चार चाकांचे मोजले होते. फिरत होती ती दोनच, तीही हवा खाणारी.

“दोरी लावूया?” मी आशेने विचारलं. दोरीने ओढताना निदान मला गाडीत बसायला मिळालं असतं.

“कशाला? दगड गोळा कर,” मित्र म्हणाला. “चाकांखाली रचू.”

अर्धा तास मी दगड वाहिले. मोठे मला, छोटे त्याला; त्याची कंबर म्हणे दुखत होती. चाकं टेकली, अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय लावला आणि गाडी इतकी सहज बाहेर आली की माझाच अपमान वाटला.

“काका, मजा आली ना?” डांबरावर परत आल्यावर तिने विचारलं. गाडीचा ट्रिप मीटर वाटेचे चार किलोमीटर दाखवत होता. फोन माझ्या चालण्याचं अभिनंदन करत होता, पाच किलोमीटर. मी उत्तर देणार तेवढ्यात मित्राने गाडीतून हवेचा कॉम्प्रेसर काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“उतर. चारही टायर.”