ओएस अपग्रेड केली की बिल्ड गेलाच
दर वेळी तेच! आदल्या संध्याकाळपर्यंत नीट चालणारा बिल्ड (म्हणजे कोडपासून वापरायला तयार प्रोग्रॅम बनवणं) ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अपग्रेड केली की सकाळी आडवा, कोडची एक ओळ बदललेली नसताना. या वेळी सिस्टिमचं पायथन (आमचा कोड ज्या भाषेत आहे ती) ३.१० वरून ३.१२ वर गेलं, त्यातून डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मोड्यूल) काढूनच टाकलंय, मग आमच्या जुन्या सेटअप फाइलने पहिल्याच इम्पोर्टला मान टाकली, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधली (प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) लिंक अजून जुन्याच पायथनकडे, जे आता डिस्कवर नाहीच. एरर चारशे ओळींची, खरं कारण मधेच कुठेतरी, शेवटी नुसतं लाल अक्षरात 'फेल्ड'. अरे, अपग्रेडच्या आधी एक ओळ दाखवा ना, की बाबा तुझं हे हे मोडणार आहे! दोन दिवस गेले माझे यात, आणि रिलीज शुक्रवारी आहे.