आर्थरची कबर सापडली, पण कधी?

दंतकथांमधला प्राचीन ब्रिटनचा राजा आर्थर इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी मठात पुरलाय म्हणतात. हा विषय निघाला की लोक एक तर भारावून जातात, नाहीतर 'भिक्षूंनी थापा मारल्या' म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. आख्यायिका कुठल्या काळाची आहे ते नंतर, ती बाहेर कधी पडली ते आधी बघावं.

११८४ मध्ये मठाला आग लागली. सगळ्यात जुनं, सगळ्यात पवित्र चर्च जळून गेलं. राजा दुसरा हेन्री बांधकामाला पैसा पुरवत होता, तो ११८९ मध्ये वारला. नव्या राजाला, रिचर्डला, धर्मयुद्धाची घाई. तिजोरीचं तोंड बंद. आणि ११९१ च्या सुमारास मठाच्या दफनभूमीत चक्क राजा आर्थर सापडतो! ओकच्या पोकळ खोडात दांडगी हाडं, शेजारी राणी, वर शिशाचा क्रूस आणि त्यावर नाव-पत्ता: आर्थर, मुक्काम अ‍ॅव्हलॉन बेट. (अ‍ॅव्हलॉन म्हणजे दंतकथेत जखमी आर्थरला नेलं ते बेट.) त्या काळचा लेखक जेराल्ड ऑफ वेल्स लिहितो की राणीची सोनेरी बट अजून शाबूत होती. एका भिक्षूने खाली उडी मारून ती हातात घेतली, तर तिची भुकटी झाली. (हा तपशील ज्याला सुचला, त्याला मानलं.)

'आर्थर परत येईल' ही वेल्सच्या लोकांची आशा. त्यामुळे त्याची कबर इंग्लिश राजांनाही सोयीचीच. वेल्सशी झगडणाऱ्या पहिल्या एडवर्डने १२७८ मध्ये स्वतः हजर राहून ती हाडं समारंभाने पुन्हा पुरली.

येशूला कबरीत ठेवणाऱ्या जोसेफने हे चर्च स्थापलं, ही गोष्ट तर त्याहून उशिराची. विल्यम ऑफ माम्सबरीने १२व्या शतकात मठाचा इतिहास लिहिला, त्याच्या मूळ मजकुरात जोसेफ नाही. तो १३व्या शतकात मागाहून घुसवला. आपल्याकडच्या क्षेत्रमाहात्म्यांत श्लोक वाढत जातात, तसंच. १५व्या शतकात चर्चच्या परिषदांमध्ये 'आम्ही फ्रेंचांच्या आधीचे ख्रिस्ती' म्हणून भांडायला इंग्लिश बिशपांना हाच जोसेफ कामी आला.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि शेवटचा मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग याला जवळच्या टेकडीवर फाशी दिलं. इतकी थोर वंशावळ काही उपयोगाला आली नाही.

गंमत म्हणजे उत्खननात ५व्या-६व्या शतकातली, भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. म्हणजे मठाच्या आधीही इथे वस्ती होती, आणि तिचा व्यापार थेट तिथवर पोचलेला. भिक्षूंना याचा पत्ताच नव्हता. आर्थरच्या कबरीच्या जागेवर आज पाटी आहे, ती खुशाल राहू दे. मी गेलो तर आधी ही खापरं बघणार.