‘१९८४’ खरं झालं म्हणून गप्प बसायचं?

‘ऑर्वेलने ‘१९८४’ मध्ये केलेलं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. चौकातले कॅमेरे म्हणजे टेलिस्क्रीन, रील्स म्हणजे त्याच कादंबरीतली सोमाची गोळी, इमोजी म्हणजे न्यूस्पीक. आता अर्ज, तक्रारी, कोर्ट सगळं व्यर्थ.’ अशा आशयाचा मेसेज पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. (‘१९८४’ ही जॉर्ज ऑर्वेलची हुकूमशाही राज्यावरची कादंबरी. टेलिस्क्रीन म्हणजे तिच्यातला माणसांवर पाळत ठेवणारा पडदा, न्यूस्पीक म्हणजे सरकारने लादलेली, शब्द छाटलेली भाषा.) माझ्या आत्याला तो आला. सहकारनगरमध्ये तिच्या गॅलरीकडे तोंड करून कॅमेरा लावलाय, त्याबद्दल तिने माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवला होता. तो कपाटात गेला. “सगळं आधीच ठरलेलं असतं गं,” म्हणाली. हे ऐकून मला राहवेना.

मेसेजमधला ‘सगळं व्यर्थ’ हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण खरं नुकसान तोच करतोय. कादंबरीचा नायक विन्स्टन डायरी लिहायला बसतो, तेव्हा ते बेकायदा नसतं. त्या राज्यात कायदेच उरलेले नसतात. तरीही पकडला गेला तर मृत्युदंड, नाहीतर किमान २५ वर्षं सक्तमजुरी. दाद मागायला त्याला जागाच नाही. आपल्याला आहे! के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. वयाची ऐंशी उलटल्यावर, २०१२ मध्ये, ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असं सरकार तिथे मांडत होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: तो मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या निकालाने बँक खात्याला आणि मोबाइल नंबरला आधार जोडायची सक्ती गेली. ‘लिंक करा, नाहीतर नंबर बंद’ म्हणून किती जण धास्तावले होते, ते याच ग्रुपांवरचे लोक विसरले का? पॅनसाठीची सक्ती कायम राहिली, हेही खरं. म्हणजे लढाई अर्धी जिंकली. पण घरी बसून तीही जिंकता आली नसती.

आत्याचे प्रश्न तीनच आहेत. चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, कॅमेऱ्याचं तोंड तिकडे कोणी वळवलं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. टाळाटाळ होते, चपला झिजतात, मान्य. पण न दिलेल्या अर्जाला उत्तर कुठून येणार?

राहिलेले मुद्दे. ऑर्वेलने भविष्य सांगितलं नव्हतं. कादंबरी जून १९४९ मध्ये आली आणि त्याच महिन्यात एका पत्रात त्याने स्पष्ट केलं, की असा समाज येणारच असं मला वाटत नाही, पण त्याच्यासारखं काहीतरी येऊ शकतं. सोमा, म्हणजे लोकांना गुंगवून खूश ठेवणारी गोळी, त्याच्या पुस्तकात नाहीच; ती ऑल्डस हक्स्लीच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीतली. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही पुस्तकं उघडलेली दिसत नाहीत. इमोजी वापरा असा हुकूम कुठल्याही सरकारने काढलेला नाही, तेव्हा तो मुद्दा सोडूनच देते.

कॅमेऱ्यांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. टेलिस्क्रीन घराच्या आत असतो आणि विन्स्टनला तो बंद करता येत नाही, एवढा फरक आहेच. जर्मन बेकरीतल्या २०१० च्या स्फोटानंतर पुण्यात कॅमेऱ्यांची मागणी लोकांनीही केली. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा आहे, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आणखी आवळलंय, म्हणजे ‘वैयक्तिक’ म्हणून माहिती नाकारणं सोपं केलंय. यावर कोणी मेसेज लिहिला, तर तो सगळ्या ग्रुपांवर मी स्वतः पाठवेन.