दाभोळ ते गोवळकोट लाँचने : ‘पाच तास कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दाभोळहून खाडीने वर, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत आम्ही पाच तास लाँचने गेलो, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत. ‘छान’ एवढंच लिहून जाणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक मला केव्हाही बरा वाटतो, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं की गाडीने दोन तासांत चिपळूण येतं, तिथे पाच तास डिझेल जाळत रेंगाळणं हे श्रीमंती चोचले आहेत, लाँचमुळे मगरींना आणि पक्ष्यांना त्रास होतो, लोट्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि मुळात ‘दिवसभरात काही घडतच नाही’.

काही घडलं नाही, हे खरंच आहे. इंजिन बंद पडलं नाही, कोणी पाण्यात पडलं नाही, लाँच गाळात रुतली नाही. पण हे पाच तास आमच्या आळसातून आलेले नाहीत, ते भरतीने ठरवलेले आहेत. आम्ही निघालो त्या दिवशी द्वितीया होती. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड. म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमाराला ओहोटी सरते आणि पाणी आत शिरायला लागतं. लाँच चालवणाऱ्या तांडेलाने आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं, “साडेसातला धक्क्यावर या. नंतर आलात तर पाणी थांबायचं नाय.”

आणि या हिशेबातली खरी गंमत वर गेल्यावर कळते. खाडीच्या मुखाशी भरती पूर्ण झाली तरी गोवळकोटला पाणी अजून चढतच असतं, कारण भरतीला एवढं अंतर कापायला वेळ लागतो. त्यामुळे वर जाणाऱ्या लाँचला किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा जास्त वेळ भरती मिळते. तुम्ही भरतीबरोबर चालत राहता आणि ती संपतच नाही. पूर्वी याच हिशेबावर मचवे वर जात. वाऱ्याने दगा दिला तरी पाणी नेत असे.

आता डिझेल. गाडीपेक्षा कमी जाळलं असा माझा दावा नाही. पण रेंगाळल्यामुळे जास्त जळलं, हे तुमचं गणित उलटं आहे. आमच्या लाँचसारखी जड बुडाची बोट पाणी कापत नाही, ढकलत जाते. वेग वाढवाल तशी ती स्वतःच उठवलेल्या लाटेशी झगडायला लागते. ढोबळ हिशेब असा की वेग दुप्पट करायचा तर आठपट ताकद लागते, म्हणजे तेच अंतर कापायला सुमारे चौपट इंधन. आम्ही इंजिन निम्म्यावर ठेवून भरतीच्या पाठीवर गेलो. याहून स्वस्तात त्या बोटीने गोवळकोट गाठता येत नाही. शिवाय वेगात जाणारी बोट मागे जी लाट सोडते ती काठावर जाऊन आपटते. चिखलाचा काठ ढासळतो, कांदळ आणि तिवरांची मुळं उघडी पडतात. खाडीत बोटींचा त्रास कोणाला होत असेल तर तो घाईत असलेल्यांचा होतो. ‘स्पीडबोट राइड’चे फलक कुठे लागतील तिथे तुम्ही हीच प्रतिक्रिया जरूर लिहा, खाली माझी सही घ्या.

मगरींबद्दल तुमचा राग योग्य आहे, फक्त तो आमच्यावर का, ते कळलं नाही. मगर ऊन खायला चिखलावर येते, आणि चिखल उघडा पडतो ओहोटीला. मगरी दाखवायला नेणारे लोक म्हणून ओहोटीची वेळ साधतात. आम्ही भरतीबरोबर गेलो, तोवर बहुतेक चिखल पाण्याखाली गेलेला. दिसल्या त्या दूरून, वरच्या अंगाला, आणि लाँच त्यांच्याकडे वळवली नाही. खरा नवलाचा भाग वेगळाच आहे. ही गोड्या पाण्यातली मगर, आणि ती भरतीच्या खाऱ्या पाण्यात राहते! कोयनेचं वीज करून सोडलेलं अवजल बाराही महिने या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत येतं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इकडे उतरतं. भर उन्हाळ्यातही नदीला गोडं पाणी असतं त्याचं कारण हे. मगरींना खाडी मानवण्यात या पाण्याचा वाटा असावा, असं मला वाटतं.

‘रस्ता असताना खाडीतून कशाला?’ हा तुमचा प्रश्न मात्र मला आवडला, कारण खाडी हाच रस्ता होता. १५ व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीला दाभोळहूनच जहाजात चढला. अरबस्तान, खुरासानातून या बंदरात घोडे उतरतात, असं त्याने नोंदवलं आहे. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे श्रीमंत गाव जाळलं. आलेला माल खाडीने वर चिपळूणला, तिथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जायचा. पुढे मुंबईची बोट दाभोळला लागायची तेव्हाही वर गोवळकोटपर्यंत छोट्या लाँची होत्या. काठावरची कितीतरी गावं म्हणूनच पाण्याकडे तोंड करून बसली आहेत. गाडीने गेलात तर त्यांची पाठ दिसते. (जाता जाता: जगाला ‘दाभोळ’ म्हणून माहीत झालेला एन्रॉनचा वीजप्रकल्प दाभोळात नाहीच. तो समोरच्या काठाला, अंजनवेल-वेलदूरकडे, गुहागर तालुक्यात आहे.)

या रस्त्याला सरकारी कागदावर आजही जागा आहे. २०१६ च्या कायद्याने जे १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले त्यात दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा २८ क्रमांकाचा, ४५ किलोमीटरचा. आम्हाला वाटेत जलमार्गाची एकही खूण दिसली नाही. तांडेल मच्छीमारांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांवरून आणि पाण्याच्या रंगावरून वाट काढत होता. वळणावर बाहेरच्या काठाला धरून राहायचा, कारण धार तिकडून जाते आणि आतल्या बाजूला गाळ साठतो. शंका आली की बांबू बुडवून बघायचा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणजवळ नदीतला गाळ बराच काढला, तरी खाली खाडीत काय कुठे सरकलंय हे त्याला दर पावसाळ्यानंतर नव्याने शिकावं लागतं.

आणि सांडपाणी. ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी आणि खाडीत मरणारे मासे यावर इथला भोई समाज वर्षानुवर्षं आंदोलनं करतो आहे. कोणत्या गावाखाली, कोणत्या महिन्यात काय होतं, हे त्यांना ठाऊक आहे. मी एका सकाळी, भरतीच्या ताज्या पाण्यावरून गेलो. मला वास आला नाही असं लिहिलं असतं तर ते उद्या कोणीतरी ‘खाडी स्वच्छ आहे’ म्हणून पुढे केलं असतं. वास आला असं लिहिलं असतं तर तो पाहुण्याचा एका दिवसाचा शेरा झाला असता. तांडेलाने जेवताना सांगितलं ते एवढंच, की त्याच्या वडिलांच्या वेळी जाळ्यात जे मासे यायचे त्यातल्या काहींची नावं त्याच्या मुलांना माहीत नाहीत. माशांची नावं त्याने मोजून दाखवली, पण मी ती वहीत उतरवून घेतली नाहीत, कारण तो त्या वेळी मुलाखत देत नव्हता, बांगड्याचा काटा काढत होता. तुम्हाला या विषयावर लेख हवा असेल तर तो त्या काठावर राहणाऱ्याने लिहावा, मी आनंदाने इथे छापेन.

‘श्रीमंती चोचले’ यावर वाद घालत नाही. भाडं आम्ही सगळ्यांनी वाटून दिलं, ते थेट तांडेलाच्या हातात गेलं, आणि पाहुणे मिळाले की त्याचा तो महिना बरा जातो, असं तोच म्हणाला.

एवढं सुनावल्यावर शेवटी तुम्ही विचारलंत, ‘तरी साधारण खर्च किती, आणि कधी जावं?’ भाडं ठरलेलं नसतं, डिझेलच्या दरावर आणि माणसांवर ठरतं. डिझेल धरून किती, हे आधीच विचारून घ्या. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली असते. तिथी द्वितीया किंवा तृतीया बघा, म्हणजे भरती दुपारी पूर्ण होते आणि उजाडल्यावर निघता येतं. सावलीला ताडपत्री आहे ना, आणि प्रत्येकाला लाइफजॅकेट आहे ना, हे धक्क्यावरच बघून घ्या. जेवण सोबत न्या, किंवा तांडेलाच्या घरून डबा सांगा. परतीला गोवळकोटहून रिक्षाने चिपळूण स्टेशन गाठता येतं. तांडेल ओहोटी लागली की एकटाच लाँच खाली नेतो, त्याच्या परतीचं डिझेलही भाड्यात धरलेलं असतं.