बियाण्याची टक्केवारी आणि दुप्पट पेरणीचा घातक सल्ला

नागपुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: कझाकस्तानचा शेतकरी धान्याचा दहावा हिस्सा बियाण्यासाठी राखतो आणि आपला शेतकरी जेमतेम तीन टक्के, म्हणजे आपण बियाणे राखणे विसरलो, सरकार कागदावर साडेबारा टक्के दाखवते, तेव्हा मधले धान्य गडप होते, घरचे बियाणे पेरणे आता गुन्हा आहे, आणि उपाय म्हणून यंदा प्रत्येकाने बियाणे दुप्पट पेरावे. मौदा तालुक्यात धान करणाऱ्या माझ्या मामांनी हे वाचून पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोवणीच्या रोपांसाठी, दुप्पट धान काढून ठेवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिली गोष्ट, ही टक्केवारी मोजते काय? देशोदेशींच्या तुलनेचे असे आकडे मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अन्न ताळेबंदातून, म्हणजे देशात धान्य किती आले आणि कशाकशाला गेले याच्या हिशेबातून, येतात. त्यातल्या बियाण्याच्या रकान्यात पेरणीसाठी वापरलेले सगळे धान्य धरले जाते, मग ते देशातले असो वा आयात केलेले; आणि जिथे देशाकडून आकडा मिळत नाही, तिथे हेक्टरी बियाण्याचे प्रमाण गुणिले पुढच्या वर्षीचे पेरणीक्षेत्र, असा हिशेब करून तो भरला जातो. कोणाच्या कोठीत किती बियाणे राखले हे पाहायला कोणी गेलेले नसते. त्यामुळे या रकान्यावरून शेतकऱ्याच्या दूरदृष्टीचा निवाडा करणे निराधार आहे.

टक्का ठरतो तो दोनच गोष्टींवर: हेक्टरी बियाणे किती लागते आणि हेक्टरी पिकते किती. कझाकस्तानच्या कोरड्या माळरानावर गव्हाला हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो बी लागते आणि पीक येते साधारण एक ते सव्वा टन. दहावा हिस्सा तिथेच निघून जातो. जर्मनीत बी त्याहून जास्त पडते, पण उत्पादन सात टनांच्या पुढे असल्याने हिस्सा दोन-अडीच टक्क्यांवर येतो. आपल्याकडे गव्हाला १०० ते १२५ किलो बी आणि देशाचे सरासरी उत्पादन साडेतीन टनांच्या आसपास, म्हणून तीन टक्के. मध्ययुगीन युरोपात एका दाण्याचे तीन-चार दाणे होत, तेव्हा शेतकऱ्याला पिकाचा चौथा-तिसरा हिस्सा पुन्हा मातीत घालावा लागे आणि उरलेल्यात घर चालत नसे. मोठा टक्का ही कौतुकाची गोष्ट नव्हे.

लहान टक्काही काही सिद्ध करत नाही. नायजरमध्ये बाजरी हेक्टरी अर्ध्या टनाच्या आसपास येते, पण बाजरीच्या किलोभर बियात सुमारे एक लाख दाणे असल्याने हेक्टरी चार-पाच किलोत काम भागते आणि हिस्सा एक टक्क्याच्या जवळ राहतो. तिथला बहुतेक शेतकरी घरचेच बियाणे पेरतो. संदेशाचे गणित खरे मानले, तर बियाणे सर्वांत जास्त तोच विसरला असे म्हणावे लागेल!

आता दुप्पट पेरणीविषयी, कारण नुकसान होणार ते इथे. रोवणीच्या धानाला हेक्टरी ३५ ते ४० किलो बी पुरते. तेवढ्याच गादीवाफ्यावर दुप्पट बी टाकले, तर पऱ्हे दाट, उंच आणि काडीने बारीक होतात आणि रोवणीनंतर सावरायला वेळ घेतात. दाट रोवले तर फुटवे कमी येतात, हवा खेळत नाही, रोग-किडी वाढतात आणि पीक लोळते. आवत्याला, म्हणजे रोवणी न करता थेट बी फेकून केलेल्या पेरणीला, बी जास्त लागते हे खरे, पण ती पद्धतच वेगळी आहे. कोरडवाहू ज्वारीत दुप्पट बी म्हणजे मातीतल्या त्याच ओलाव्यावर दुप्पट ताटे आणि कणसे बारीक. ज्याने हा सल्ला लिहिला, त्याने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाय ठेवला असेल असे वाटत नाही.

साडेबारा टक्क्यांचे उत्तर एका ओळीत देता येते: निव्वळ उपलब्धता, म्हणजे लोकांना खायला उरणारे धान्य, काढताना सरकार एकूण उत्पादनातून जे साडेबारा टक्के वजा करते, त्यात बियाण्याबरोबर पशुखाद्य आणि नासाडीही धरलेली असते. गडप काहीच होत नाही.

घरचे बियाणे गुन्हा असल्याची अफवा तर संतापजनक आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या, वाणाचेही बियाणे राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. मनाई आहे ती फक्त ब्रँडच्या नावाने विकण्याला. ज्या विदर्भात नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून, जपून एचएमटी हे धानाचे वाण उभे केले, तिथे हे पसरावे याचा खेद वाटतो.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते. संकरित ज्वारी आणि मका यांचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण घरचे पेरले तर पुढची पिढी एकसारखी येत नाही, आणि त्या पिकांपुरते परावलंबन वाढले आहे. पण धान आणि गव्हाच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांना हे लागू नाही.

मामांना मी एवढेच सांगितले: घरच्या धानातले १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहा, ८० किंवा जास्त उगवले तर तेच बी नेहमीच्या मापाने घ्या. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाका, तळाचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. काढून ठेवलेले जास्तीचे धान गिरणीवर न्या.